अनुरक्षण सेवा (भारत)

बालगृह, विशेषगृह यांसारख्या संस्थांतून वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींना निवास, शिक्षण, रोजगार व मार्गदर्शन यांसाठी दिल्या जाणाऱ्या साहाय्यास अनुरक्षण सेवा म्हणतात. अशा तरुणांच्या निवासासाठी चालवल्या जाणाऱ्या संस्थेस महाराष्ट्रात अनुरक्षणगृह ही संज्ञा रूढ आहे.

गरज

कायद्याने प्रौढ ठरताच संस्थेतील वास्तव्याचा हक्क संपतो. परंतु शिक्षण बहुधा अपुरे असते. भाड्याची खोली मिळवण्यासाठी अनामत रक्कम, ओळखीचा मनुष्य आणि कायमचा पत्ता लागतो. ज्यांना कुटुंबाचा आधार नाही, त्यांच्याकडे यांपैकी काहीच नसते.

कायदेशीर तरतुदी

१९८६ व २००० च्या बाल न्याय कायद्यांत अनुरक्षण संस्थांची तरतूद होती. सध्याच्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये १८ ते २१ या वयोगटासाठी अनुरक्षणाची व्याख्या दिलेली असून कलम ४६ आर्थिक साहाय्याविषयी आहे. २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ नुसार अपवादात्मक परिस्थितीत ही मदत २१ वर्षांनंतर आणखी दोन वर्षे देता येते. सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरते सामूहिक निवास, प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन आणि समुपदेशन यांचा उल्लेख याच नियमात आहे. तरुण संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी त्याची पुनर्वसन योजना तयार करून बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळापुढे ठेवणे अपेक्षित असते. केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे.

नियमन व मर्यादा

कलम ४१ नुसार बालकांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी सक्तीची आहे. कलम ४२ प्रमाणे नोंदणी टाळणाऱ्या संस्थाचालकास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ५४ अन्वये तपासणी समित्यांनी दर तीन महिन्यांतून किमान एकदा बालकांच्या संस्थांना भेट द्यावयाची असते. कायद्याच्या दृष्टीने ‘बालक’ म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. त्यामुळे केवळ प्रौढ तरुणांसाठी असलेल्या निवासांना या तरतुदींचे संरक्षण तितक्या स्पष्टपणे लाभत नाही. शिवाय कलम ४६ मध्ये साहाय्य ‘देता येईल’ अशी शब्दरचना आहे. ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. परिणामी प्रत्यक्ष लाभ राज्य शासनाचे नियम, निधी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची तत्परता यांवर अवलंबून राहतो.

महाराष्ट्र

राज्यातील अनुरक्षणगृहांचा कारभार महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत येतो. २०१८ मध्ये राज्य शासनाने अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण लागू केले. मात्र या संधीचा लाभ घेण्यासाठी शिकत असताना आणि परीक्षांची तयारी करताना राहण्याची सुरक्षित जागा लागते. म्हणून आरक्षण आणि अनुरक्षण या तरतुदी परस्परपूरक ठरतात.