तेरा जणांचा खेळ आणि चार वर्षांचे पाहुणे

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. मागच्या वर्षी होस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर रोज संध्याकाळी दहा-बारा पोरं एकमेकांच्या अंगावर पडताना दिसायची, ती मारामारी नव्हती. रेक्टर सरांकडे दोनदा तक्रार गेली, म्हणून आता छापील स्वरूपात सांगतोय. तो रग्बी होता. निदान आमच्या समजुतीप्रमाणे तरी तो रग्बीच होता!

शिकवणारा आमचा एक सीनियर. बारावीपर्यंत पुण्याला होता, तिथे सात-सात जणांचा रग्बी खेळला होता. लांबट, दोन्हीकडे निमुळता होत गेलेला बॉल त्याच्याकडे होता. आम्ही सगळे कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेटवाले. दोन महिन्यांत बॉल मागे पास करायचा, पुढे नाही, एवढं तरी आमच्या डोक्यात बसलं. मग कॅम्पसला त्याचं सिलेक्शन झालं, जूनमध्ये तो जॉइन झाला आणि बॉलही गेला (त्याचाच होता, कोण काय बोलणार). आम्ही फुटबॉल घेऊन तीन आठवडे ओढाताण केली. चौथ्या आठवड्यात सबमिशन आलं आणि खेळ संपला.

असं का झालं, यावर मी सुट्टीत बरंच वाचलं. तेव्हा कळलं की हे दुखणं फक्त देवपूरचं नाही. रग्बीच्या इतिहासात दीडशे वर्षं हेच चालू आहे. त्यातलं जे कामाचं वाटलं ते इथे मांडतो.

रग्बी एक नाही, दोन आहेत. एक युनियन, पंधरा जणांचा. ऑलिंपिकमध्ये 2016 पासून असलेला सात जणांचा सेव्हन्स हे त्याचंच छोटं भावंडं. दुसरा लीग, तेरा जणांचा. दोन्ही मुळात एकच होते. भांडण झालं ते पैशावरून, तेही हक्काच्या पैशावरून. उत्तर इंग्लंडात खेळणारे बहुतेक गिरणी आणि खाण कामगार. मॅच शनिवारी, आणि शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. मॅचला गेलं की मजुरी बुडायची. त्यांचे क्लब म्हणत होते, बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. लंडनच्या साहेब लोकांचं म्हणणं, खेळ हौसेने खेळायचा असतो, पैसे कसले मागता! शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात, जॉर्ज हॉटेलात, वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. ज्यांच्या घरात कुणी अमळनेरच्या किंवा धुळ्याच्या प्रताप मिलमध्ये पाळी केली असेल, त्यांना हे भांडण समजावून सांगायला नको.

वेगळे झाल्यावर त्यांनी नियमही बदलले, कारण आता तिकीट काढून येणाऱ्या माणसाला मजा यायला हवी होती. 1906 मध्ये दोन गडी कमी करून तेरा केले. टचलाइनवरून बॉल आत फेकून दोन रांगांनी तो झेलायचा प्रकार आधीच काढून टाकला होता. सगळ्यात महत्त्वाचा बदल पकडीचा. लीगमध्ये बॉलवाल्याला पकडून पाडलं की त्याला सोडायचं, उठू द्यायचं. तो बॉल जमिनीवर ठेवून टाचेने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. युनियनमध्ये त्या जागी ढीग होतो, बॉलसाठी लोटालोटी होते. आमच्या ग्राउंडवर आम्ही जो ढीग करायचो तो युनियनचा. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या मातीवर त्या ढिगाखाली सापडणं काय असतं, ते माझ्या डाव्या कोपराला विचारा.

पण सोडून द्यायचं म्हटलं की एक अडचण येते. एक टीम बॉल घेऊन पडत-उठत तासभर बॉल सोडणारच नाही. झालंही तसंच. म्हणून 1966 मध्ये चार पकडींची मर्यादा आली, पुढे सत्तरीच्या सुरुवातीला ती सहा झाली. सहा पकडींत पलीकडच्या रेषेमागे बॉल टेकवायचा (याला ट्राय म्हणतात, चार गुण), नाहीतर बॉल समोरच्याला द्यायचा. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' होते ना, अगदी तोच विचार. वेळकाढूपणा करणाऱ्याला मोजून संधी द्यायची. मला तर लीगचं पुस्तक वाचताना सारखं वाटत होतं की हे कबड्डीवाल्याला एका संध्याकाळी समजेल.

आता मुद्द्यावर येतो. हा तेरा जणांचा खेळ नव्या मुलखात नेण्यासाठी शंभर वर्षं धडपड चालली आहे. कुठे रुजला, कुठे नाही, हे बघण्यासारखं आहे.

सगळ्यात गाजावाजा झाला तो कॅनडातल्या टोरोंटोचा. 2017 मध्ये टोरोंटो वुल्फपॅक नावाची टीम इंग्लंडच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत उतरली. अटलांटिक ओलांडून मॅचेस! स्टेडियमला हजारो लोक यायचे. तीन वर्षांत टीम वर चढत 2020 ला सुपर लीगमध्ये पोचली, सॉनी बिल विल्यम्ससारखा नावाजलेला खेळाडू आणला. त्याच वर्षी कोरोना आला, मालकाचा पैसा आटला, खेळाडूंचे पगार थकले आणि जुलैमध्ये टीमने माघार घेतली. ती परत काही सुपर लीगमध्ये आली नाही. यात कोरोनाचा दोष आहेच. पण खेळाडू बहुतेक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन, सराव बराचसा इंग्लंडातच. टोरोंटोच्या गल्लीतली पोरं त्या टीममध्ये नव्हती. मांडव उभा होता, तो निघाला, खाली जमीन तशीच कोरडी राहिली.

उलट पापुआ न्यू गिनी बघा. ऑस्ट्रेलियाच्या वरचा डोंगर-जंगलाचा गरीब देश. सोन्याच्या खाणींवर आलेले ऑस्ट्रेलियन आणि नंतर महायुद्धातले सैनिक यांनी हा खेळ तिथे नेला. पण ते गेल्यावर तो गेला नाही. गावागावांनी आपल्या टीमा केल्या, आणि आज तो तिथला राष्ट्रीय खेळ मानला जातो. डिसेंबर 2024 मध्ये ठरलं की 2028 पासून त्यांची टीम ऑस्ट्रेलियाच्या मुख्य स्पर्धेत, एनआरएलमध्ये, खेळेल. ऑस्ट्रेलिया सरकार त्यासाठी दहा वर्षांत 60 कोटी डॉलर देतंय. (त्यात चीनला दूर ठेवायचं राजकारण आहे, ते वेगळं.) पण पैसा शेवटी आला. खेळ सत्तर-ऐंशी वर्षं आधीच तिथे मुरला होता.

आपल्या देशात लीग नाही म्हटलं तरी चालेल, जे आहे ते युनियन आणि सेव्हन्स. पण गोष्ट तीच. कलकत्त्यात 1872 च्या नाताळात रग्बीची मॅच झाली, 1873 मध्ये क्लब निघाला आणि 1878 मध्ये बंदही पडला. कारण? ज्या पलटणीतले सैनिक खेळायचे ती पलटण बदलून गेली, उरलेले साहेब टेनिस-पोलोकडे वळले. आमच्या सीनियरचं प्लेसमेंट आणि ती पलटण, मला तरी यात काही फरक दिसत नाही! क्लबने बँकेतले चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि एक सुंदर कप बनवून घेतला. कानांच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. हा कलकत्ता कप आजही इंग्लंड-स्कॉटलंड मॅचला देतात. कप जगप्रसिद्ध झाला, ज्या गावाचं नाव त्यावर आहे तिथला खेळ मात्र त्या वेळी संपला. पुढे तो परत सुरू झाला ते निराळं.

मुंबईतही तसंच. बॉम्बे जिमखान्यात पिढ्यानपिढ्या रग्बी होता, पण कुंपणाच्या आत. नव्वदीच्या शेवटी मॅथ्यू स्पेसी नावाचा इंग्रज तिथे खेळायचा. समोरच्या फूटपाथवर राहणारी पोरं सराव बघत उभी असायची. त्याने त्यांना आत बोलावलं. त्यातून टीम झाली आणि 1999 मध्ये मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. जिमखान्याच्या कुंपणापासून फूटपाथपर्यंतचं अंतर किती? एक रस्ता. तेवढं ओलांडायला खेळाला काही दशकं लागली.

कोलकात्यात पॉल वॉल्श हा ब्रिटिश वकिलातीतला माणूस. 2004 मध्ये त्याने जंगल क्रोज ही टीम सुरू केली. हा मात्र बदली होऊन गेला नाही, नोकरी सोडून तिथेच राहिला. त्याचा हात भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूटच्या आदिवासी मुलांनाही लागला. काही महिन्यांच्या तयारीवर त्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या पोरांनी 2007 मध्ये लंडनला जाऊन दक्षिण आफ्रिकेच्या टीमला फायनलमध्ये हरवलं. त्यानंतर ओडिशा देशातलं एक पक्कं रग्बी राज्य झालं. बिहारचंही तसंच. बाढ भागातली स्वीटी कुमारी आधी धावायची, मग रग्बीत आली, आणि 2019 मध्ये आशिया रग्बीने तिला खंडातली सर्वांत वेगवान खेळाडू म्हटलं. त्याच वर्षी मनिलात भारतीय मुलींनी सिंगापूरला 21-19 ने हरवून पंधरा जणींच्या खेळातला पहिला विजय मिळवला.

आणि एक उदाहरण अगदी आपल्या शेजारचं. रग्बीचं नाही, कबड्डीचं. नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या महिला टीमच्या कोच झाल्या. भाषा येत नाही म्हणून फारसी शिकायला लागल्या. जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये 24 ऑगस्ट 2018 ला इराणने भारताला 27-24 ने हरवून सोनं नेलं. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी आपल्या पुरुषांना सेमीफायनलमध्ये घरी पाठवलं होतं. त्या रात्री टीव्हीसमोर हळहळलेले लोक मला आठवतात. पण खेळ दुसऱ्याच्या मुलखात खरोखर रुजला याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता असू शकतो? त्यांनी आपल्यालाच हरवलं!

हे सगळं वाचल्यावर मला आमची चूक कळली. आम्ही होस्टेलची टीम बनवत होतो. भो, होस्टेल म्हणजे काय? चार वर्षांचे पाहुणे. (केटी लागलेले पाच-साडेपाच.) दरवर्षी पाव टीम निघून जाते, आणि जी शिकलेली असते तीच जाते. अशा भांड्यात पाणी ठरणार कसं? गॅदरिंगला इंटर-डिपार्टमेंट टूर्नामेंट घेऊ, टी-शर्ट छापू, हा जो बेत मागच्या वर्षी ठरला होता तो म्हणजे आमचं छोटं टोरोंटोच होतं. मी स्वतः टी-शर्टचं डिझाइन केलं होतं, म्हणून हक्काने बोलतोय.

देवपुरात कायम राहणारं कोण आहे? शाळेतली पोरं, आणि त्यांचे पी. टी. चे सर. साक्री, शिरपूर, नंदुरबारकडून आलेली आदिवासी मुलं इथल्या शाळांत आणि वसतिगृहांत शिकतात. त्यांच्या पायांत किती दम असतो ते सांगायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला पदक आणलं, ती आपल्या बाजूच्याच जिल्ह्याची. अशा पोरांना पकडायला आमच्या मेकॅनिकलच्या थर्ड इयरला शिट्टी फुंकूनही जमणार नाही.

आणि सुरुवातीला पकडायची गरजही नाही. लीगचाच एक सौम्य प्रकार आहे, टच. साठच्या दशकात सिडनीत लीगच्या खेळाडूंनी सरावासाठी काढलेला. एका बाजूला सहा जण. पाडायचं नाही, फक्त हात लावायचा. हात लागला की थांबून बॉल पायांमधून मागे सोडायचा. सहा वेळा हात लागला की बॉल समोरच्यांना. बूट नको, गोलपोस्ट नको, मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या की ग्राउंड तयार. पकड वगैरे नंतर, पावसाळ्यात माती मऊ झाल्यावर, आणि तेही शिकवून.

जवळच्या एका शाळेच्या सरांशी मी बोललो. ते म्हणाले, "खेळ शिकवून जाऊ नका, मला शिकवा." दीडशे वर्षांचं वाचन करून मी ज्या मुद्द्यापर्यंत आलो होतो, तिथे ते चहा पिता पिता पोचले. आता ते रविवारी येतात, मी त्यांना नियम सांगतो आणि ते ते वहीत लिहून घेतात. मागच्या रविवारी त्यांच्यासोबत नऊ पोरं आणि तीन मुली आल्या. ऑफसाइड कुणालाच नीट समजला नाही, मलाही समजावता आला नाही. दत्त मंदिर चौकाकडून आलेली एक सातवीतली मुलगी मात्र तीन वेळा आमच्या सेकंड इयरच्या दोघांमधून निसटून गेली.

मी मे महिन्यात इथून जातोय. वर्गणी काढून आणलेले दोन बॉल सरांच्या शाळेच्या कपाटात आहेत, त्यावर कॉलेजचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. फर्स्ट आणि सेकंड इयरमधून शिट्टी सांभाळायला दोन जण हवेत. रविवारी सकाळी साडेसहा, होस्टेलच्या मागचं ग्राउंड. रेक्टर सरांची परवानगी घेतली आहे, या वेळी लेखी.