संगीत नाटकातील पेटी आणि गोविंदराव टेंबे

इंग्लंडमधील ऑपेरात वाद्यवृंदापुढे हातात छडी घेऊन एक गृहस्थ उभा असतो. गायक, वादक सारे त्याच्या हाताकडे पाहतात. १९१० साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑपेरा सादर करणाऱ्या थॉमस बीचम यांच्याविषयी वाचले आणि प्रश्न पडला, आपल्या संगीत नाटकात हे काम कोण करी? शिवाजी पेठेतील जुन्या माणसांना विचारले, तर ती केशवराव भोसल्यांचे नाव घेतात. पण ते गाणारे! हे काम करणारा माणूस पेटीपाशी बसलेला असे.

ऑपेरातील स्वर न् स्वर कागदावर उतरलेला असतो. आपल्याकडे नट रंगात आला, वर 'वन्स मोअर' पडला, की पद किती लांबेल ते त्यालाही ठाऊक नसे. पेटीवाल्याने त्याच्या मागोमाग जायचे, पण समेवर त्याच्याबरोबर पोचायचे.

अशा पेटीवाल्यांत आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) अग्रगण्य होत. वकिलीची परीक्षा देऊनही त्यांनी पेटी धरली. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वकिली सोडून पेटी वाजवतो म्हटले, तर घरी काय ऐकावे लागेल ते मला सांगायला नको! भास्करबुवा बखले यांची साथ करता करता त्यांनी गायकी आत्मसात केली. शिवाय कोल्हापूर दरबारी तेव्हा अल्लादियाखाँसाहेब होते.

१८८० च्या 'शाकुंतला'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणीच्या चाली योजल्या होत्या. १९११ च्या 'मानापमाना'साठी टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या आणि रागदारी चाली आणल्या. खाडिलकरांसारख्या करारी नाटककाराने त्या चालींवर शब्द बेतले. आधी चाल, मग पद! पडदा वर जाण्यापूर्वीच नाटकाची सूत्रे संगीतकाराच्या हाती गेली होती, असे मला वाटते.

१९१३ साली ते गंधर्व नाटक मंडळीचे एक भागीदार झाले. पुढे 'शिवराज' ही स्वतःची मंडळी काढली. तीही फार टिकली नाही. बीचम यांची ऑपेरा कंपनीसुद्धा १९२० साली पैशापायी बुडाली, मात्र त्यांच्या वडिलांचा औषधी गोळ्यांचा मोठा कारखाना होता.

टेंबे मग बोलपटाकडे वळले. १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात काढलेल्या 'अयोध्येचा राजा'चे संगीत त्यांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. आपणच बांधलेल्या चाली त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे राहून गाव्या लागल्या.