बॉम्बे ब्लड ग्रुप आणि सात नावं

रक्तदान शिबिरात कार्डावर ‘ओ’ लिहून मिळालं की आपण बिस्किटांच्या पुड्याकडे वळतो. ओ गटाच्या माणसाला ओ रक्त चालतं, एवढं शाळेपासून पाठ असतं. पण परळच्या के. ई. एम. हॉस्पिटलमध्ये पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला काही माणसांचं रक्त या नियमात बसेना. त्यांच्या तांबड्या पेशी अँटी-ए किंवा अँटी-बी, कशानेच गोळा होत नव्हत्या. म्हणजे कागदावर ओ. सीरम मात्र ए, बी आणि चक्क ओच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं! अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर जीवावरच बेतायचं.

डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी हे पकडलं. इथपर्यंत काम पॅथॉलॉजीचं. पण ‘असं का?’ याचं उत्तर एकट्या पॅथॉलॉजीकडे नव्हतं. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटला गेले. तिथे रेस आणि सँगर हे रक्तगटांचे जाणकार होते, आणि त्याच संस्थेत मॉर्गन आणि वॉटकिन्स हे बायोकेमिस्ट. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये पेपर आला, त्यावर या सातही जणांची नावं आहेत.

उत्तर थोडक्यात असं. पेशीवर आधी ‘एच’ नावाचा पाया तयार होतो, त्यावर ए किंवा बीचा मजला चढतो. ओ म्हणजे नुसता पाया. या माणसांमध्ये तो पायाच नाही. म्हणून त्यांच्या शरीराला एचसुद्धा परका वाटतो. (सिव्हिलवाल्यांना हे आमच्यापेक्षा लवकर कळेल.) हा पाया फ्युकोज नावाच्या साखरेने पुरा होतो, हे रसायनाने सांगितलं, कोणतं जनुक बिघडलं ते कळायला १९९० चं दशक उजाडलं.

आता आपल्याकडे बघा. मेकॅनिकलच्या पोराला सेन्सर हवा असतो, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये धूळ खात पडलेला असतो, आणि मध्ये फक्त एक जिना असतो. अडतं कुठे? माझ्या मते, नावात. गाईड कोण, पेपरवर पहिलं नाव कुणाचं, मार्क कोण देणार. हे आधीच बोलून घ्यावं. चहाच्या टपरीवर ठरलं तरी कागदावर उतरवावं. एम.ई.च्या विद्यार्थ्याला दुसऱ्या डिपार्टमेंटचे को-गाईड मिळाले तर अर्धी कटकट मिटते. सर-मॅडमनी एवढी एक सही करावी, ही विनंती. आणि दुसऱ्याकडे जाताना ‘मदत करा’ असं मोघम न म्हणता परळवाल्यांसारखं जावं: हातात नमुना, आणि आपल्याला नेमकं काय सुटत नाहीये तो प्रश्न.

बॉम्बे गटाची माणसं आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक धरतात, आणि त्यांना रक्त बॉम्बे गटाचंच लागतं. पेशींबरोबर सीरमही तपासलं तरच हा गट सापडतो. पुढच्या शिबिरात तेवढं विचारून बघा.