ना घुमट, ना खिळा, तरी मशीद उभी!

झाई म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तरेकडचं शेवटचं टोक. पुढे लगेच गुजरात. डहाणू-बोर्डीचे चिकू घेऊन इथवर आलेला पर्यटक हद्दीपलीकडच्या संजाणला जातो, तो पारशांचा स्तंभ बघायला. जायलाच हवं. पण याच संजाणच्या नावावर आणखी एक मानाची नोंद आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, लेखी उल्लेख असलेल्या जुन्यात जुन्या मशिदींपैकी एक इथे होती. तिथून सुरुवात करू आणि थेट मलेशियातल्या मलाक्कापर्यंत जाऊन येऊ.

आधी हत्ती, मग सागवान

नवव्या शतकातला अरब इतिहासकार अल-बलाधुरी ‘सिंदान’ नावाच्या बंदराची हकिकत सांगतो. सिंदान म्हणजे आपलं संजाण, असं अनेक अभ्यासक मानतात. फज्ल बिन माहान नावाच्या एका मुक्त गुलामाने हे बंदर ताब्यात घेतलं, बगदादच्या खलिफा अल-मामूनला एक हत्ती नजर केला आणि इथे जामा मशीद बांधून तिच्यात खलिफाच्या नावे दुवा मागायला सुरुवात केली. मामूनची कारकीर्द 813 ते 833. म्हणजे मशिदीला बाराशे वर्षं होत आली.

फज्लनंतर त्याचा मुलगा मुहम्मद गादीवर आला. तो सत्तर गलबतं घेऊन समुद्री चाच्यांच्या मागे गेला आणि घरी भावानेच बंदर बळकावलं. या भावाने नव्या खलिफाची, अल-मुतसिमची, मर्जी राखायला काय पाठवलं असेल? सोनं नाही, मोती नाही. सागाचं लाकूड! एवढं लांब आणि एवढं जाड, की तसं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. डहाणू-तलासरीच्या जंगलातला साग ज्याने पाहिलाय, त्याला याचं नवल वाटणार नाही. अरबांच्या वाळवंटी मुलखात उंच सरळ लाकूड मिळत नसे, त्यामुळे इथला साग जहाजांसाठी आणि घरांसाठी समुद्रापार जायचा.

सत्ता गेली, मशीद राहिली

या हकिकतीतला सगळ्यात मोलाचा भाग शेवटी येतो. स्थानिक लोकांनी पुढे बंदर परत मिळवलं. मशिदीला मात्र हात लावला नाही. मुसलमानांनी तिथे जमावं, नमाज पढावी, आपल्या खलिफासाठी दुवा मागावी, म्हणून ती त्यांच्याकडेच ठेवली. हे अल-बलाधुरीने स्वतःच लिहून ठेवलंय. राज्यकर्त्याशी भांडण वेगळं आणि शेजाऱ्याशी नातं वेगळं, एवढी समज त्या काळच्या संजाणकरांना होती.

अरब सुभेदार, देवीचा मठ

आता शंभर वर्षं पुढे या आणि झाईहून दक्षिणेला डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला चला. तिथे राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यातला एक इंद्र तिसरा याच्या काळातला, शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा. त्यात संजाणचा कारभारी कोण? मधुमती. जातीने ‘ताजिक’, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद नावाचं संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजा कृष्ण दुसरा याने त्याला हा मुलूख सांभाळायला दिला होता.

या मधुमतीने काय केलं ते बघा. नद्यांवर फुकट होड्या चालू केल्या. संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. आणि एका ब्राह्मणाने देवीसाठी बांधलेल्या मठाला गाव आणि जमीन देववली. राजा कर्नाटकाकडचा, सुभेदार अरब, मठ देवीचा, भाषा संस्कृत आणि गाव आपल्या शेजारचं! तलासरी-डहाणूच्या प्रत्येक शाळेत हा ताम्रपट शिकवला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

इकडचे लोक तिकडे

आता शिडात वारा भरून पूर्वेकडे. तोमे पिरेश हा पोर्तुगीज 1512 ते 1515 या काळात मलाक्का बंदरात होता. तिथे कुठकुठचे व्यापारी येतात, याची त्याने लांबलचक यादी केली. कैरो, मक्का, एडन, होर्मुझ, गुजरात... आणि त्याच यादीत चौल, दाभोळ आणि गोवा! या बंदरात 84 भाषा कानावर पडतात, असंही तो लिहितो. त्या गलबल्यात आपल्या कोकणातले आवाजही असणार.

माणसांबरोबर दगडही गेले. जावातल्या ग्रेसिक इथे मलिक इब्राहिम या धर्मप्रसारकाची कबर आहे, 1419 ची. तिचा कोरीव संगमरवर खंबायतचा. झाईसमोरच्याच समुद्रातून वर गेलं की खंबायतचं आखात लागतं.

मलय गावातली मशीद

जुनी मलय गावठी मशीद पाहिली की पहिला प्रश्न पडतो: घुमट कुठंय? घुमट नसतोच. चौकोनी इमारत, तिच्यावर उतरतं छप्पर, त्यावर लहान छप्पर, त्यावर आणखी लहान. कोकणातल्या देवळाचं दीपमाळेसारखं निमुळतं होत जाणारं शिखर आठवावं तशी दोन किंवा तीन टप्प्यांची उतरण आणि अगदी टोकाला नक्षीदार कळस.

ही रचना नुसती दिसायला सुंदर नाही, कामाचीही आहे. दोन छपरांच्या मधल्या फटीतून गरम हवा वर निघून जाते आणि उजेड आत येतो. उतार तीव्र असल्यामुळे धो-धो पाऊस क्षणात ओघळतो. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वळचण रुंद. कित्येक मशिदी खांबांवर उचललेल्या असतात, त्यामुळे पुराचं पाणी खालून निघून जातं आणि ओल लागत नाही. मधोमध चार मुख्य खांब, सगळा भार त्यांच्यावर.

आणि खिळा? केलान्तान राज्यातली कामपुंग लाउत मशीद त्यासाठीच नावाजलेली. मलेशियातल्या सर्वांत जुन्या मशिदींमध्ये तिची गणना होते. तीन टप्प्यांचं छप्पर आणि खाचेत लाकूड घट्ट बसवून केलेले बिनखिळ्याचे सांधे. याचा फायदा 1967 च्या महापुरानंतर कळला. नदीकाठ ढासळला, तेव्हा लोकांनी अख्खी मशीद सांधा-सांधा सोडवून उतरवली आणि दूर निलम पुरीला नेऊन पुन्हा उभी केली. सिमेंटची इमारत अशी नेऊन दाखवा बरं!

बांगेआधी तिथे मोठा ढोल वाजवायची रीत होती, आडवा टांगलेला, कातड्याने मढवलेला. घनदाट झाडीतून आणि पावसातून माणसाच्या आवाजापेक्षा ढोल लांब ऐकू जातो. मग घुमट आले कधी? बरेचसे इंग्रजी अमलात. क्वालालंपूरची जामेक मशीद 1909 ची, तिचा आराखडा आर्थर हबॅक या इंग्रज वास्तुविशारदाचा. आज ‘मशीद म्हणजे घुमट’ हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, ते त्या गावांसाठी तसं नवंच.

मलाक्का शहरातली कामपुंग क्लिंग मशीद, 1748 ची, तर बघावी अशीच. छप्पर मलय पद्धतीचं आणि मिनार बौद्ध पॅगोडाच्या धाटणीचा. क्लिंग म्हणजे दक्षिण भारतातून गेलेले व्यापारी, मशीद त्यांचीच.

आणि आपल्याकडे?

हीच तऱ्हा आपल्या किनाऱ्यावरही दिसते, कारण पाऊस तोच. कोळिकोडची मिश्काल मशीद चौदाव्या शतकात एका जहाजमालकाने बांधली. लाकडाचे मजले, एकावर एक उतरती छपरं, घुमट नाही. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली, लोकांनी पुन्हा उभारली.

गोव्यात फोंड्याजवळची साफा मशीद आदिलशाही काळातली, 1560 ची. टुमदार, एकाच दालनाची, भिंतींवर टोकदार कमानी आणि माथ्यावर चक्क कौलारू छप्पर. शेजारी जांभ्या दगडाचा खोल हौद, त्याच्या कडेला मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. पावसाळ्यात गेलात तर हिरव्या पाण्यावर त्या कोनाड्यांची पडछाया बघा.

मुंबईची जामा मशीद कोकणी मुसलमानांची, 1802 मध्ये पूर्ण झालेली. क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीतून आत गेलं की पायाशी जिवंत झऱ्यांचं तळं! त्या पाण्यातून काळ्या दगडाच्या 16 कमानी वर येतात आणि सगळी इमारत त्यांनी पेलली आहे. वरचा मजला लाकडी खांबांच्या पाच रांगांवर उभा असून त्या खांबांमध्ये धर्मग्रंथ ठेवायला जागा केलेली आहे.

छपरांसारखीच किबला, म्हणजे नमाजाची दिशाही जुळते. झाईच्या किनाऱ्यावर ती पश्चिमेला, त्यामुळे नमाजी समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. केलान्तानमध्येही दिशा साधारण पश्चिमच.

एक विनंती. कोकणपट्टीतल्या कितीतरी लहान गावांत लाकडी खांबांच्या, कौलारू मशिदी होत्या, काही अजून आहेत. जागा अपुरी पडते, कौलं गळतात, म्हणून त्या जागी काँक्रीटची इमारत येते. गावाची गरज आहे, ते समजण्यासारखं आहे. पण पाडकामाच्या आधी चार दिवस काढा. खांब मोजा, सांधे कसे बसवलेत त्याचे फोटो घ्या, म्हाताऱ्या सुताराला विचारून लिहून ठेवा. आणि एखादा कोरीव खांब जळणात जाऊ देऊ नका, नव्या मशिदीच्या ओसरीत उभा करा.