कोरिओकार्सिनोमा
वारेच्या पेशींपासून उद्‌भवणारे विरळ मारक अर्बुद. सुमारे निम्म्या रुग्णांत ते द्राक्षगर्भानंतर (वारेचे द्राक्षघोसासारखे फोड बनल्यानंतर), इतरांत गर्भपातानंतर वा प्रसूतीनंतर उद्‌भवते. न थांबणारा रक्तस्राव हे प्रमुख लक्षण होय. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास अर्बुद रक्तावाटे फुप्फुसात पसरते. रक्तातील एचसीजी या गर्भावस्थेतील हॉर्मोनाचे वाढते प्रमाण निदानास निर्णायक ठरते. मेथोट्रेक्सेटाचा गुण ली व हर्ट्‌झ यांनी अमेरिकेत १९५६ मध्ये दाखविला. प्रसारानंतरही बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात व गर्भाशय सहसा राखता येतो. म्हणून द्राक्षगर्भ काढल्यावर एचसीजीचे नियमित मापन अगत्याचे असते. जालना जिल्ह्यातील रुग्णांना उपचारांसाठी सु. ६० किमी.वरील छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ पडते.