'जेवण' म्हणजेच 'भात': मादागास्करच्या घरांत तांदूळ इतका महत्त्वाचा का?

मादागास्करमध्ये 'जेवणं' यासाठी जो शब्दप्रयोग रूढ आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'भात खाणं' असा होतो. मलागासी भाषेत भाताला 'व्हारी' म्हणतात. त्याच्यासोबत ताटात येणारं मांस, मासे, पालेभाजी किंवा कडधान्य म्हणजे 'लोका', अर्थात तोंडीलावणं. अनेक घरांत भात दिवसातून तीनदा शिजतो.

हा भात आला कुठून?

मादागास्कर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 400 किलोमीटरवर आहे. पण हजारहून अधिक वर्षांपूर्वी आग्नेय आशियातले लोक समुद्रमार्गे इथे पोहोचले आणि भातशेतीही आशियातूनच आली. मलागासी भाषेची सर्वांत जवळची नातलग भाषा आजही बोर्निओ बेटावर बोलली जाते.

ताटात काय असतं?

- रुमाझाव्हा: वशिंडाच्या गुरांचं मांस आणि पालेभाज्यांचा पातळ रस्सा. त्यातल्या एका पाल्याने जिभेला झिणझिण्या येतात.
- राव्हितुतु: कसावाची कुटलेली पानं, बहुतेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवलेली. आपला साबुदाणा याच झाडाच्या कंदापासून बनतो. कच्च्या पानांत विषारी घटक असतात. कुटून, भरपूर शिजवल्यावरच ती खाण्याजोगी होतात.
- मुफू गासी: तांदळाच्या पिठाचे किंचित गोड, साच्यात भाजलेले गोल पाव. दिसायला थेट आप्प्यांसारखे. हा सकाळचा नाश्ता.
- रानुवुला: भात काढल्यावर भांड्याच्या तळाला राहिलेली करपट खरवड फेकत नाहीत. त्यातच पाणी ओतून उकळतात आणि ते खरपूस वासाचं सोनेरी पाणी जेवताना पितात.

जेवणात मानही ठरलेला असतो. आधी वडीलधाऱ्यांना वाढायचं आणि कोंबडी शिजवली तर तिचा मागचा भाग त्यांच्यासाठी राखायचा, अशी रीत आहे.

मग अडचण कुठे आहे?

बाजारात तांदूळ 'कपुआका'ने मोजतात. कपुआका म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा. साधारण साडेतीन डबे म्हणजे एक किलो. रोज कमवून रोज खाणारी कुटुंबं किलोने नाही, तर अशा डब्यांच्या हिशेबाने तांदूळ घेतात. त्यामुळे एका डब्याचा भाव वाढला, की त्याच दिवशी घरातला भात कमी होतो.

देशात भात मोठ्या प्रमाणावर पिकतो, तरी तो पुरत नाही आणि तांदूळ आयात करावा लागतो. मुख्य सुगीच्या आधीचे महिने सर्वांत कठीण. घरातला साठा संपलेला असतो आणि भाव चढलेले असतात. तेव्हा अनेक कुटुंबं कसावा आणि रताळ्यांवर दिवस काढतात. पोट भरतं, पण भाताशिवायचं खाणं म्हणजे जेवण नव्हे, ही भावना जात नाही.

याच टंचाईतून एक उपायही निघाला. फ्रेंच जेझुइट धर्मगुरू हेन्री द लोलानिए यांनी 1980च्या दशकात मादागास्करच्या शेतकऱ्यांसोबत लागवडीची नवी पद्धत विकसित केली. कोवळी रोपं लावायची, ती एकेकटी आणि लांब लांब लावायची, आणि शेतात सतत पाणी तुंबवून ठेवायचं नाही. कमी बियाण्यात आणि कमी पाण्यात जास्त पीक, हा तिचा उद्देश. भारतात हीच पद्धत 'श्री' या नावाने ओळखली जाते.