जिलेबी, अळूवडी आणि रात्री दोनची पोटदुखी

7 मार्च 2025 रोजी सिल्वासात 450 खाटांच्या नमो रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्या सभेत पंतप्रधानांनी विकासकामांबरोबर लठ्ठपणाचाही विषय काढला. 2050 पर्यंत 44 कोटींहून अधिक भारतीयांना लठ्ठपणा गाठेल, असा एका अहवालाचा अंदाज त्यांनी सांगितला, आणि स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करा म्हणाले. हे बोलणे दादरा-नगर हवेलीत व्हावे, यात एक गंमत आहे. खानवेल-दुधनीच्या डोंगरपट्ट्यात नागलीच्या भाकरीवर दिवस काढणारी घरे आजही आहेत. आणि तासाभराच्या अंतरावर, मसाट-पिपरियाच्या कारखान्यांत, रात्रपाळीच्या चहाबरोबर रोज दोन सामोसे पोटात जातात.

तेल कमी करावेच. पण वजन 120 किलोवर गेले आहे, साखर इन्सुलिनलाही दाद देत नाही, झोपेत श्वास अडकतो, अशा माणसाला तेलाच्या पिशवीचा उपाय पुरत नाही. त्याच्यासमोर शस्त्रक्रियेचा पर्याय येतो. ती करायला सिल्वासाचा माणूस बहुधा सुरत किंवा मुंबई गाठतो. सल्ल्याला गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो, “डॉक्टर, यातलं चांगलं ऑपरेशन कुठलं?”

प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. प्रत्येक ऑपरेशन एक आजार घेऊन जाते आणि बदल्यात काहीतरी ठेवून जाते. ठेवलेले आपल्या ताटाला, आपल्या सवयींना आणि आपल्या गावाला झेपेल का, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. तो मुंबईच्या सर्जनपेक्षा सिल्वासाच्या माणसालाच जास्त कळतो.

सध्या सर्वाधिक होते ते स्लीव्ह. इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणून मार्च 2017 मध्ये सैफी रुग्णालयात जी शस्त्रक्रिया केली, ती हीच. तोंडावाटे जठरात एक नळी सोडतात, साधारण 12 मिलिमीटर जाडीची, म्हणजे करंगळीएवढी. त्या नळीला चिकटून स्टेपलर चालवत जायचे. स्टेपलर एकाच दाबात दोन्हीकडे बारीक टाके मारतो आणि मधून कापतो. पाच-सहा वेळा तो चालला की जठराचा पाऊण भाग सुटा होतो आणि पोटावरच्या छोट्या छिद्रातून हवा गेलेल्या फुग्यासारखा बाहेर येतो. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भुकेची सूचना देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः कापून टाकलेल्या भागात तयार होते, त्यामुळे नुसती जागाच नव्हे, भूकही कमी होते.

पण पिशवीची नळी झाली की आतला दाब वाढतो. जठराच्या वरच्या टोकाचा जो कोन आंबट पाणी घशाशी येऊ देत नव्हता, तोही बिघडतो. फिनलंडमध्ये 240 रुग्णांची स्लीव्ह आणि बायपास (त्याची हकिगत पुढे येते) अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून त्यांच्यावर दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्क्यांना आढळली, बायपासवाल्यांत 7 टक्क्यांना. वजन उतरण्यातही बायपास थोडा पुढे राहिला. म्हणून ज्याला आधीपासून करपट ढेकरा येतात, जो दोन उशा घेतल्याशिवाय झोपू शकत नाही, त्याने ही गोष्ट सर्जनसमोर सर्वांत आधी काढावी. कापलेले जठर परत बसवता येत नाही. पोटाची जळजळ हा आपल्याकडे आजार मानतच नाहीत, दोन गोळ्या चघळल्या की झाले. त्यामुळे ती केसपेपरवर येतच नाही.

स्लीव्हची दुसरी भीती गळतीची. शेकड्यात एखाद्याचा टाका वरच्या टोकाशी सुटतो. नाडी 120 च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणे, असे काही पहिल्या पंधरा दिवसांत दिसले तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत बसायचे नाही.

बायपासची हकिगत वेगळी, आणि सिल्वासाच्या दृष्टीने जास्त विचार करायला लावणारी. यात जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याची सुरुवात जागच्या जागी राहते, फक्त अन्न तिथून जात नाही. मधुमेहावर याचा परिणाम चांगला होतो, कित्येकदा वजन उतरायच्या आधीच साखर उतरते.

आता रविवारची सकाळ घ्या. गुजरातला चिकटलेल्या या गावात रविवार म्हणजे फाफडा-जिलेबी. बायपास झालेल्या माणसाने दोन जिलेब्या खाल्ल्या की तो पाक जठरात न थांबता सरळ आतड्यात कोसळतो. आतडे तो पातळ करायला रक्तातले पाणी ओढून घेते. दहा-पंधरा मिनिटांत पोटात मुरडा, छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, आणि आडवे पडावेसे वाटते. याला डम्पिंग म्हणतात. काहींना दोन तासांनी दुसरा फटका बसतो: साखर झपाट्याने चढल्याने इन्सुलिन जास्त सुटते आणि साखर गरजेपेक्षा खाली जाते. उसाच्या रसाचेही तेच. काही सर्जन याला ‘आतला पहारेकरी’ म्हणतात. कौतुक ठीक आहे, पण पहारेकरी मशीनवर उभ्या असलेल्या माणसालाही सोडत नाही.

अळूवडीचा मामला अधिक छुपा. पात्रा म्हणा नाहीतर अळूवडी, इथल्या दोन्ही भाषांना ती प्यारी. अळूत ऑक्झलेट भरपूर. एरवी जेवणातला कॅल्शियम त्याला पकडतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. बायपासनंतर न पचलेली चरबी तो कॅल्शियम स्वतःकडे ओढते, मोकळे सुटलेले ऑक्झलेट रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात खडे करते. उन्हाळ्यात कारखान्याच्या उकाड्यात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला हा धोका आणखी.

तिसरी गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. शेजारी दारूबंदीचा गुजरात, आणि सिल्वासात ती बंदी नाही. शनिवारी संध्याकाळी इथले बार कसे भरतात ते सांगायला नको. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जोरात चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात 7.6 टक्के होते, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात ते 9.6 टक्के झाले, आणि त्यात बायपासवाले पुढे. अन्नातला आधार गेला की माणूस दुसरा शोधतो, हे कारण असेलच असे नाही. आतड्याची नवी रचनाही त्यात हातभार लावते. पाठ धरली म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खाणे, आणि विडी-सिगारेट, या दोन्हींनी नव्या जोडाशी अल्सर होतो. बारा तासांच्या पाळीत उभ्याने काम करणाऱ्याला ‘दुखण्याची गोळी बंद’ हे पथ्य जिलेबीच्या पथ्यापेक्षा अवघड जाते.

सगळ्यांत धास्तीची बाब मात्र दीड-दोन वर्षांनी येते, सगळे छान चालले असताना. आतडे नव्याने जोडताना त्याच्या पडद्यात फटी राहतात. सर्जन त्या शिवतात, पण वजन उतरते तशी आतली चरबीही झडते आणि फटी पुन्हा रुंदावतात. एखाद्या रात्री आतड्याचे वेटोळे त्यात सरकते आणि पिळते. रात्री दोन वाजता पोटात कळा सुरू होतात. नाडी ठीक, रक्त ठीक, साधा एक्स-रे ठीक. डॉक्टरला बायपासची कल्पना नसेल तर ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचा मोह होतो. सीटी स्कॅन करून, आतड्याचा पीळ ओळखून, लगेच पोट उघडणारा किंवा दुर्बीण घालणारा कोणी लागतो. सिल्वासापासून वापी स्टेशन साधारण अठरा किलोमीटरवर, आणि ऑपरेशन केलेला सर्जन तिथून गाडीने काही तास दूर. स्लीव्हमध्ये हा प्रकार नसतो. माझ्या मते आडगावच्या माणसाने दोन पारड्यांत ऑपरेशने टाकताना हे वजन सर्वांत जड मोजावे.

मिनी बायपास आपल्याकडे बराच चालतो: एकच जोड, कमी वेळ, वजनही चांगले उतरते. फ्रान्समधल्या चाचणीत दोन वर्षांनी वजनात तो मोठ्या बायपासच्या बरोबरीला आला, पण जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी त्यात जास्त निघाल्या. पित्तही उलट वर येऊ शकते. गळ्यातल्या पट्ट्यासारखा जठराला बांधायचा बँड आता जवळपास मागे पडला. सरकतो, आत रुततो, शेवटी काढावा लागतो.

या सगळ्याची सुरुवात 1954 सालची. त्याच वर्षी इकडे सुधीर फडके आणि त्यांचे साथीदार हवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरले होते, आणि तिकडे मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळायचा पहिला प्रयोग मांडला. वजन उतरले, पण यकृते निकामी झाली, मूत्रपिंडात खडे साचले आणि ते ऑपरेशन कायमचे बंद पडले. आजची सगळी ऑपरेशने त्या फसलेल्या धड्यातून आली आहेत, म्हणून ती कितीतरी सुरक्षित. अमेरिकेतल्या एका नोंदीत पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू 0.3 टक्के होते. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात ऑपरेशन केलेले लोक न केलेल्या लठ्ठांपेक्षा सरासरी तीन वर्षे जास्त जगले. पारड्यात हेही टाकायलाच हवे.

आपल्या शरीराचा हिशोब मात्र थोडा निराळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, आणि याज्ञिकांच्या 21.2. म्हणून आशियाई माणसाला 27.5 पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे 2022 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. विमा कंपनी मात्र 40, किंवा गंभीर आजार असेल तर 35 मागते. पाच फूट पाच इंच उंचीचा, 92 किलोचा मधुमेही डॉक्टरकडे पास होतो आणि विम्याच्या खिडकीवर नापास.

याच याज्ञिकांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-12 कमी सापडले. म्हणजे शाकाहारी माणूस बायपासला जाण्याआधीच तळाशी असतो, आणि ऑपरेशन ब-12 शोषणाचा उरलासुरला रस्ताही अरुंद करते. लोह जिथे शोषले जाते तोच भाग वगळला जातो. इथल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. पुढे रक्त कमी दिसले तर ते कशाने, हे ठरवायला आधीची तपासणी हाताशी लागते. इंजेक्शन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हे सारे जन्मभर. तीन-चार महिन्यांनी केस गळतात तेव्हा लोक घाबरतात, पण ते बहुतेकांचे परत येतात. पायांना मुंग्या येऊ लागल्या तर मात्र घाबरावे.

आणि उलट्या. नव्या पोटाला घाईचे घास झेपत नाहीत, कँटीनच्या सुट्टीत भरभर जेवणारा हमखास उलटी करतो. पाच-सात दिवस ते चालले की माणूस जवळच्या दवाखान्यात जातो आणि म्हणतो, “अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा.” बाटलीत ग्लुकोज असते. ग्लुकोज जाळायला थायमिन लागते, म्हणजे ब-1, आणि उलट्यांनी ते आधीच संपत आलेले असते. बाटली चढते तसे मेंदूतले उरलेलेही संपते: एकाचे दोन दिसतात, चाल लटपटते, बोलणे भरकटते. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे. फक्त ते बाटलीच्या आधी द्यायचे असते.

शंभर मल्टिव्हिटॅमिनच्या जाहिरातींपेक्षा मला खिशातला एक पुठ्ठा जास्त कामाचा वाटतो. मोटरसायकलच्या लायसन्सएवढा, मराठी, गुजराती आणि हिंदीत छापलेला: बायपास झाला आहे, अमुक तारखेला. पोटात कळ आली तर सीटी करा. नाकातून नळी जपून घाला. आयब्युप्रोफेन नको. ग्लुकोजआधी थायमिन. खाली सर्जनचा फोन नंबर, रात्रीही उचलला जाणारा.